डबल इंजिनाचं ग्राफिक कार्ड

भिवंडीत मोठं होण्याची रीत एकच: आहे ते दुप्पट करा. चार मागांचे आठ झाले की शेजाऱ्याच्या शेडवर डोळा जातो. एक गोदाम भाड्याने गेलं की भाताच्या खाचरात दुसऱ्या गोदामाचा भराव पडतो. गटाराचा पत्ता नसतो, पण इमारतीला वरचा मजला चढलेला असतो. अशा गावात एकाच पाटीवर दोन चिप बसवलेलं ग्राफिक कार्ड कुणी विकायला आणलं, तर ते गेमिंगसाठी घ्यावं की नाही हा प्रश्न पडतोच कुणाला? दोन म्हणजे डबल आणि डबल म्हणजे भारी. 'डबल इंजिन' म्हटलं की हल्ली मतंसुद्धा पडतात, मग नोटा का पडू नयेत?

आमच्या ओळखीच्या एका शेठांच्या कारखान्यातले निम्मे माग मंदीमुळे बंद आहेत. सूत महाग, कापडाला उठाव नाही, कारीगर गावाला गेले ते परतले नाहीत, ही त्यांची रोजची रड. पण चिरंजीवांना गेमिंगचा पीसी हवा झाला तेव्हा मंदी कुठे गेली कोण जाणे. शेठांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "सगळ्यात मोठं कुठलं?" दुकानदार धंद्यात मुरलेला. त्याने जुन्या मालातून दोन चिपचं एक कार्ड काढलं. विटेसारखं जड, बाजूला पंखा, वर पाण्याच्या दोन नळ्या. नळ्या बघून शेठ विरघळले. "म्हणजे एका भाड्यात दोन कारीगर!" असं म्हणत त्यांनी मला फोन लावला. सल्ल्यासाठी नव्हे, कौतुक ऐकायला.

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या दोन मागांवर कापड दुप्पट का निघतं? कारण या मागाचा ताका वेगळा, त्या मागाचा वेगळा. याचा धोटा अडकला तर त्याचं काही अडत नाही. आता समजा, एकच ताका दोन मागांवर विणायचा आहे. बाण्याचा एक धागा इकडे, पुढचा तिकडे, परत इकडे. निघेल कापड?"

"जॉबर राजीनामा देईल," शेठ म्हणाले.

गेमिंगमध्ये नेमकं हेच करायचा घाट घातला गेला. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीची वूडू-२ कार्डं जोडीने बसवता यायची. पडद्यावरच्या सम ओळी एक कार्ड काढणार, विषम ओळी दुसरं. त्या काळच्या साध्या खेळांत ते चाललंही, खोटं कशाला बोला. पण २००० साली एकाच कार्डावर दोन चिप बसवलेलं वूडू-५ आणलं, आणि वर्ष सरायच्या आत कंपनीची मालमत्ता विकत घ्यायचा सौदा एनव्हिडियाने केला. यातून पुढच्यांनी बोध काय घेतला? तर दोन चिपची कार्डं आता आपणही काढावीत!

पुढच्यांनी ओळी वाटण्याऐवजी अख्खी चित्रंच वाटून दिली. पहिलं चित्र या चिपने काढायचं, दुसरं त्या चिपने. कागदावर वेग दुप्पट. प्रत्यक्षात एक चित्र ५ मिलिसेकंदांत यायचं आणि पुढचं यायला २८ लागायचे; परत ५, परत २८. सरासरी काढली तर सेकंदाला ६० चित्रं. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा ६० दाखवतोय आणि खेळणाऱ्याच्या डोळ्याला ३५-३६ वाटतायत. गाडी वळणावर नीट वळायच्या ऐवजी उचक्या देत वळते. सरासरीवर कारभार हाकणं आपल्याला नवं नाही म्हणा. वर्षाचा पाऊस सरासरीएवढा झाला की अहवालात सगळं आलबेल असतं, मग तो चार दिवसांत पडून बाजारपेठ पाण्यात गेली असली तरी.

मेमरीचा हिशेब तर त्याहून सुरस. २०१२ साली एनव्हिडियाने जीटीएक्स ६९० काढलं, ९९९ डॉलरचं. खोक्यावर ४ जीबी. त्यातले दोन जीबी एका चिपचे, दोन दुसरीचे, आणि दोन्हींत माल तोच. एकाच खेळाच्या दोन नकला. म्हणजे गेमच्या कामाचे दोनच. पैसे मात्र चारांचे.

कळस झाला २०१४ मध्ये. एएमडीने आर-नाइन २९५एक्स-२ आणलं: १४९९ डॉलर, ५०० वॉट, थंड ठेवायला पाणी. तिकडे एनव्हिडियाचं टायटन झेड आलं: २९९९ डॉलर. अर्ध्या किमतीचं कार्ड गेममध्ये त्याच्या तोडीस तोड ठरल्याने कुणाचा पोपट झाला हे वेगळं सांगायला नको. ५०० वॉट हा आकडा शेठांना लगेच कळला. साध्या मागाची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरपर्यंतची, म्हणजे पावणेआठशे वॉटच्या आतली. मुलगा गोळीबार करणार आणि मीटरवर दोन तृतीयांश माग फिरणार! त्यात यंत्रमागाला सरकार वीजदरात सवलत देतं. गेमिंगला देत नाही. (शेठांच्या चेहऱ्यावर एक कल्पना चमकून गेली. मी विषय बदलला.)

मग ही जोडगोळी बसली कशी? एक कारण गेममध्येच आहे. हल्लीचे गेम चित्राच्या कडा गुळगुळीत करायला आधीच्या चित्रातली माहिती उचलतात. पहिल्या चिपचं चित्र हातात आल्याशिवाय दुसरीचं अडतं. म्हणजे दोन कामगार भरती केले आणि एक सदैव दुसऱ्याची वाट बघत उभा. आपल्याकडे अशी पदं सरकारी खात्यात असतात, पण तिथे निदान पंखा बसलेल्याच्या डोक्यावर असतो. दुसरं कारण व्यवहाराचं. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स-१२ आलं आणि दोन चिपना कामाला लावायची जबाबदारी मुख्यत्वे गेम बनवणाऱ्यांवर गेली. त्यांनी बघितलं, असली कार्डं घेणारे मोजून मूठभर. त्यांच्यासाठी इतका खटाटोप कोण करणार? वर्षभरात, २०१६ मध्ये, एका चिपचं जीटीएक्स १०८० आलं ५९९ डॉलरला, आणि ९९९ डॉलरचं ६९० मागे पडलं. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून जोडकार्डांसाठीची नवी ड्रायव्हर-प्रोफाइल्स बंद केली. २०२२ च्या ४० मालिकेतून तर गेमिंगच्या कार्डांना जोडायची खाचच गायब झाली.

हे सगळं ऐकून चिरंजीवांनी फोन घेतला. "काका, पण आता लॉसलेस स्केलिंग आहे ना!" पोरगा अगदीच कच्चा नव्हता. त्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कार्ड गेम चालवतं आणि दुसरं, जुनं-पुराणं कार्ड मधली चित्रं अंदाजाने भरून काढतं. घरात जुनं कार्ड पडून असेल, मदरबोर्डवर जागा असेल, तर खुशाल करावा हा उद्योग. पण ती घरातल्या भंगाराची सोय आहे. त्यासाठी दोन चिपचं कार्ड विकत आणणं म्हणजे ताक मागायला गेल्यावर म्हैस घेऊन येणं.

दोन चिपचं कार्ड अजून बनतंच नाही असं नाही. २०२५ मध्ये मॅक्ससन कंपनीने इंटेलच्या दोन चिपचं, ४८ जीबीचं कार्ड तैपेईच्या प्रदर्शनात मांडलं. पण ते एआयवाल्यांसाठी. तिथे काम वाटून देता येतं, मेमरी दोघांत विभागता येते. थ्रीडी रेंडरिंगमध्येही दोन चिप कामाला येतात, कारण तिथे हे चित्र याला नि ते त्याला दिलं तरी कुणी डोळे लावून वाट बघत नसतं. तो खरा भिवंडीचा हिशेब: याचा ताका वेगळा, त्याचा वेगळा.

शेठांचा अखेरचा मुद्दा भावनिक होता. "अरे, देशभराचा माल आपल्या गोदामांतून जातो, आणि माझ्या पोराने एक चिपचं कार्ड वापरायचं?" मुद्दा बिनतोड. जकात टाळायला मुंबईच्या वेशीबाहेर उभी राहिलेली ही गोदामं २०१७ ला जकात गेल्यावरही वाढतच राहिली. कार्ड पडघ्याच्या गोदामात पडलेलं असतं, आणि हायवेच्या ट्रॅफिकमधून कल्याण नाक्यापर्यंत यायला त्याला दोन दिवस लागतात. मोबाइलवर मात्र 'पार्सल भिवंडीत पोहोचले आहे' असं पहिल्याच दिवशी आलेलं असतं. आम्ही भिवंडीतच आहोत, हे त्या पार्सलला कोण सांगणार?

तर मंडळी, गेमिंगसाठी दोन चिपचं कार्ड घेऊ नका. नवं मिळत नाही, आणि जुन्या बाजारात मिळतं ते सेवानिवृत्त आहे: जीटीएक्स ६९० काय नि २९५एक्स-२ काय, नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर दोघांनाही २०२१ मध्येच थांबले. त्याच पैशात एका चिपचं चालू पिढीतलं कार्ड घ्या, बरोबर चांगला पॉवर सप्लाय घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी दुकानदार तुम्हाला ओळखणार नाही. आणि कुणी 'डबल इंजिन' म्हणून काही गळ्यात मारायला लागला, तर दुसरं इंजिन नक्की कुठलं काम करतं, हे आधी चालवून दाखवायला सांगा.