‘सेमच आहे’ या सिद्धान्ताच्या प्रवर्तकांस अनावृत पत्र

प्रति,
मालक,
मोटारींच्या काचांचे दुकान, पुणे.

विषय : मागील काच बसवून देताना आपण मांडलेल्या ‘सेमच आहे’ या सिद्धान्ताबाबत.

महोदय,

दोन वस्तू समान आहेत असे म्हणण्यापूर्वी त्या कोणत्या गुणाच्या बाबतीत समान आहेत हे सांगावे लागते आणि गुणाचा उल्लेख टाळून केलेले समानतेचे विधान तर्कशास्त्रात अपुरे समजले जाते. आपल्या दुकानात हे बंधन पाळले जात नाही. तेथे ‘सेमच आहे’ हा दोन शब्दांचा सिद्धान्त काचेला, काच चिकटवणाऱ्या द्रव्याला, बिलाला आणि दिलेल्या वायद्याला सारख्याच सहजतेने लागू केला जातो. अद्वैत मतात भेद हा मायेमुळे भासतो असे मानतात. आपल्या मते तो केवळ जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारांमुळे भासतो. प्रस्तुत पत्रात या सिद्धान्ताचे परीक्षण करावयाचे असून ते निःपक्षपाती व्हावे अशी पत्रलेखकाची मुळीच इच्छा नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रकरणाची पार्श्वभूमी आपणास ठाऊक आहे, तरी वाचकांसाठी ती नोंदवणे आवश्यक आहे. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या पावसात, सोसायटीच्या आवारातील माडावरून सुटलेला एक नारळ पत्रलेखकाच्या छोट्या मोटारीच्या मागच्या काचेवर आला. नारळ शाबूत राहिला आणि काच फुटली. मागची काच फुटते तेव्हा तिला तडा जात नाही, तर ती एका क्षणात खडीसाखरेसारख्या हजारो दाण्यांत विखुरते, कारण ती ‘टफन्ड’ म्हणजे तापवून कडक केलेली असते. अशी काच ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात, त्यामुळे तिचा पृष्ठभाग आधी आणि गाभा नंतर थंड होतो, पृष्ठभागावर दाब व गाभ्यात ताण कायमचा कोंडला जातो, आणि एका जागी ही तोल साधलेली रचना मोडली की सगळी काच मोडते. तापलेली काच तेलासारख्या द्रवात बुडवून कडक करण्याची रीत फ्रान्समधील द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये शोधली होती. समोरची काच वेगळी असते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असल्याने ती फुटली तरी जागेवर राहते, आणि तिच्यावरचा लहानसा टवका भरूनही काढता येतो. मागच्या काचेच्या बाबतीत दुरुस्ती हा शब्दच लागू पडत नाही. ती नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. आकार, वळण आणि छिद्रे भट्टीत जाण्यापूर्वीच ठरलेली असतात. म्हणून गाडीमालकाला निवड करावयाची असते ती दुरुस्तीची नव्हे, तर दुकानाची.

ही निवड कशी झाली हेही सांगितले पाहिजे. मोटारीच्या सर्वंकष विम्यात काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे होणारी कपात, धरली जात नाही, ही गोष्ट ऐकायला सुखद आहे. परंतु १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दर दाव्यामागे १,००० रुपये मालकाने सोसावयाचे असतात आणि दावा केला की ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी व सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचणारी सूट, शून्यावर येते. ती राखण्यासाठी वेगळा हप्ता भरलेला नसल्याने पत्रलेखकाने खिशातून खर्च करायचे ठरवले आणि तीन ठिकाणी भाव विचारले. कंपनीच्या वर्कशॉपने ६,८०० रुपये सांगितले, दुसऱ्या दुकानाने ४,२०० आणि आपण ३,४००. पहिल्या दोन्ही ठिकाणी गाडीचे मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर विचारण्यात आला होता. आपण केवळ गाडीचा रंग विचारला. या प्रश्नातच पुढील सर्व इतिहास सामावलेला होता, परंतु ३,४०० हा आकडा कानात असताना असे इशारे ऐकू येत नाहीत.

काच ‘उद्या येते’ असे आपण सांगितले आणि ती अकरा दिवसांनी आली. पुण्यापासून चाकणच्या वाटेवर, कुरुळीत, मोटारींच्या काचा घडवणारा कारखाना आहे. आपली काच कोणत्या मार्गाने आली असेल याचा विचार करता ती पायी, आणि तीही पंढरपूरमार्गे आली असावी, एवढाच निष्कर्ष निघतो. अकरा दिवस डिकीला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाचा फडफडाट, फोनवरचे ‘निघालीये, वाटेत आहे’ आणि काचेचे दाणे अजूनही मागच्या सीटच्या फटीतून निघणे, या किरकोळ बाबी येथे केवळ नोंदवून सोडून दिल्या आहेत.

मुख्य मुद्दा रेघांचा आहे. मागच्या काचेच्या आतल्या अंगाला ज्या बारीक आडव्या तपकिरी रेघा दिसतात, त्यांना ‘डिफॉगर’ म्हणतात. चांदीचे कण असलेल्या लेपाने त्या काचेवर छापून भाजलेल्या असतात, दोन्ही कडांना असलेल्या उभ्या पट्ट्यांतून त्यांना बॅटरीची १२ व्होल्टची वीज मिळते, आणि साधारण १० ते २० अँपिअर प्रवाहाने त्या तापल्या की काचेवर धरलेले बाष्प काही मिनिटांत विरते. रेघा समांतर जोडलेल्या असल्यामुळे एखादी तुटली तरी बाकीच्या काम करीत राहतात. पत्रलेखकाच्या मोटारीला हे उपकरण मुळात होते. आपण बसवलेल्या काचेला ते नव्हते, कारण ती त्याच गाडीच्या स्वस्त प्रकारासाठी घडवलेली होती. आकार तोच, वळण तेच, फक्त रेघा नव्हत्या. वीज पुरवणाऱ्या दोन तारा चिकटपट्टीत गुंडाळून डिकीच्या आतल्या आवरणामागे दडपण्यात आल्या, आणि गाडी संध्याकाळी, अंधार पडल्यावर ताब्यात देण्यात आली. रेघा असताना ज्यांच्याकडे कधी लक्ष गेले नव्हते त्या नसल्याचे कळायला आषाढ उजाडावा लागला, आणि तेही ताम्हिणी घाटात, जेथे डिफॉगरच्या बटणावरचा नारिंगी दिवा इमानेइतबारे लागला, पण मागून येणारा ट्रक दिसला नाही, केवळ त्याचा भोंगा ऐकू आला.

यावर आपले उत्तर संग्राह्य आहे. “काच सेमच आहे हो साहेब, आणि पुण्यात डिफॉगर लागतो कुणाला?” या वाक्यात आपण प्रथम भेद नाकारला आणि त्याच दमात तो मान्य करून त्याची गरज नाकारली. अशी दुहेरी भूमिका न्यायालयांत वकील घेतात, परंतु ते त्यासाठी दोन स्वतंत्र परिच्छेद तरी खर्च करतात.

हाच सिद्धान्त काच चिकटवण्याच्या द्रव्यालाही लावला गेला. आजच्या बहुतेक मोटारींत ही काच रबराच्या पट्टीत बसवत नाहीत, तर पॉलियुरेथेन नावाच्या चिकट द्रव्याने पत्र्याला कायमची जोडतात. त्याआधी दोन्ही पृष्ठभाग साफ करून प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा पातळ लेप, लावतात, आणि जोड आळून येईपर्यंत गाडी ठरावीक वेळ उभी ठेवतात. काचेच्या कडेला जी काळी किनार असते ती शोभेसाठी नसते. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा जोड कमजोर होऊ नये म्हणून ती भाजून बसवलेली असते. या द्रव्याचा विशेष असा की ते हवेतील ओलावा शोषून घट्ट होते, म्हणजे जूनमधल्या पुण्याच्या हवेने आपले अर्धे काम फुकट करून दिले असते. आपण ते नाकारून न्हाणीघराच्या फरशीला लावतात ते सिलिकॉन वापरले, कारण तेही काळे असते, नळीत येते आणि चिकटते, म्हणजे सेमच. पहिल्या मोठ्या पावसात डिकीतील जादा चाकाच्या खळग्यात चार बोटे पाणी साचले, आणि आपण ‘ते वरून नाही, खालून येत असेल’ असा शोध लावला. पाऊस खालून येण्याची ही नोंद पुणे वेधशाळेला कळवावी काय, याचा विचार चालू आहे.

काचेच्या कोपऱ्यातील खुणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार मोटारीच्या काचा सुरक्षा काचा असाव्या लागतात आणि पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो. अशा काचेच्या कोपऱ्यात घडवणाऱ्याचे नाव आणि भारतीय मानकाची, म्हणजे आयएस २५५३ ची, खूण कायमची उमटवलेली असते. आपल्या काचेच्या कोपऱ्यात काहीच नव्हते. बिलाची अवस्था याहून निराळी नव्हती: वहीच्या पानावर ‘ग्लास ३४००’ एवढा मजकूर आणि त्याखाली सहीऐवजी चहाच्या कपाचा गोल. पक्के बिल मागितले असता ‘कच्चं-पक्कं सेमच’ असे उत्तर आले. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्या वेळी पत्रलेखकास ठाऊक होते; दुकानात उभे असताना ते बोलण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

येथवर हे पत्र उपरोधाच्या मर्यादेत राहिले आहे. पुढील बाबतीत ते राहणार नाही.

पाण्याची तक्रार घेऊन पत्रलेखक दुसऱ्यांदा आला तेव्हा आपल्या दुकानात दुसऱ्या एका मोटारीची फुटलेली काच साफ करण्याचे काम चालू होते. जेमतेम मिसरूड फुटलेला एक मुलगा डिकीत अर्धा वाकून काचेचे दाणे उघड्या हातांनी ओंजळीत गोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकत होता. या दाण्यांच्या कडा बोथट असतात असे पुस्तकांत लिहिलेले आहे, आणि एका दाण्यापुरते ते खरेही आहे. दिवसाला चार गाड्यांचे दाणे वेचणाऱ्या बोटांची परीक्षा त्या पुस्तकांनी घेतलेली नाही. त्याच्या दोन बोटांना इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, तीच, जी त्या दोन तारांना गुंडाळली होती. त्याने गाडी ओळखली आणि हळूच सांगितले, “हिला रेघा नव्हत्या. मी त्याच दिवशी शेठना बोललो होतो.” आपण गल्ल्यावरूनच ओरडलात, “तू तुझं काम कर रे.” त्याच्याकडे हातमोजे का नाहीत असे विचारल्यावर आपण म्हणालात, “मोजे घालून काय, न घालून काय, सेमच.”

सेम नाही. कातडी आणि हातमोजा सेम नाही, टेप आणि मलमपट्टी सेम नाही. त्या दुकानात भेद ओळखणारा एकच माणूस होता आणि त्यालाच आपण गप्प बसवले. काचेचा, पाण्याचा, बिलाचा सगळा हिशेब सोडून देता येईल. हा सोडता येणार नाही.

हे लिहून झाल्यावर पत्र येथेच संपवणे सोयीचे होते. परंतु पत्रलेखकाच्या फोनमध्ये आपल्याशी झालेले संदेश अजून आहेत, आणि ते पुन्हा वाचताना एक गैरसोयीची गोष्ट आढळली. आपण प्रथम ३,९०० रुपये सांगितले होते. त्यावर पत्रलेखकाने लिहिले होते : ‘बाजूच्या दुकानात सेम काच ३,४०० ला देतायत.’ बाजूच्या दुकानात तसे कोणी सांगितले नव्हते. तेथे ४,२०० सांगितले होते, आणि रेघांसह सांगितले होते. या सिद्धान्ताचे प्रवर्तक म्हणून शीर्षकात आपला उल्लेख झाला आहे, तो कागदोपत्री चुकीचा आहे. ‘सेम’ हा शब्द या व्यवहारात प्रथम गिऱ्हाइकाने उच्चारला, आणि पाचशे रुपयांची तूट आपण रेघांतून व सिलिकॉनमधून भरून काढली. पत्र्याच्या शेडखाली, भाड्याच्या जागेत, रोज दहा माणसे फोनवर दुसऱ्याचा भाव दाखवत असताना, विम्याची चांगली कामे मोठ्या वर्कशॉपकडे जात असताना, एखाद्या दुकानदाराने भेद सांगणे हळूहळू सोडून दिले तर त्याला ती सवय कोणी लावली, याचे उत्तर पत्रलेखकाला देता येते, पण ते देताना मान खाली जाते. आपणही कधीकाळी अशाच एखाद्या डिकीत वाकून दाणे वेचले असतील; आपल्या उजव्या तर्जनीवरची पांढरी रेघ हिशेब करताना दिसली होती.

म्हणून मागणी थोडी आहे. पैसे परत नकोत. यापुढे गिऱ्हाईक आले की काच बसवण्यापूर्वी तिचा कोपरा त्याला दाखवावा, रेघा आहेत की नाहीत ते सांगावे, आणि ‘रेघांची हवी तर आठशे जास्त’ असे स्पष्ट बोलावे. ऐकून जे निघून जातील त्यांना जाऊ द्यावे. त्यांत कदाचित पत्रलेखकासारखाच कोणी असेल, आणि त्याला नारळ दिल्याचे दुःख मानण्याचे कारण नाही, कारण नारळ त्याला आधीच मिळालेला असतो.

कळावे.

आपला,
गाडीमालक

सोबत :
१. डिकीतून निघालेले ओले फडके, एक.
२. सीटच्या फटीतून आजवर निघालेले काचेचे दाणे, एक पुडी.
३. जाड चामड्याचे हातमोजे, एक जोड, त्या मुलासाठी. माप अंदाजाने घेतले आहे. दोन मापे सेमच असतात असे न समजता, न बसल्यास दुकानातून बदलून द्यावेत. पक्के बिल आत ठेवले आहे.