काटा आणि भाजणी

डाएट सुरू केल्यावर वजन उतरो न उतरो, आवाज मात्र चढतो. माझा तिसऱ्याच दिवशी चढला. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला तिळाची वडी पुढे आली तेव्हा "साखर सोडलीय मी" असं मी इतक्या मोठ्याने म्हणाले, की समोरच्या मधुमेही काकूंनी तोंडापाशी नेलेली वडी ओशाळून खाली ठेवली. दीड किलो उतरलं होतं. त्यातला अर्धा किलो काटा मोरीच्या उतारावर सरकवल्यामुळे उतरला होता, हे मात्र हळू आवाजातसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

रात्री उशाशी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. करायचं काही नाही, नुसतं वाचायचं. नवरा म्हणायचा, "झोप आता, चकली उद्यापण तिथेच असेल." मला वाटायचं, मीच एक वेडी. पुढे कळलं की 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांतलेही काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते. हा प्रयोग अँसल कीज यांचा. पुढे 1972 साली बीएमआयला बीएमआय हे नाव दिलं तेही यांनीच. म्हणजे माझी भूक आणि माझा अपमान, दोन्ही एकाच गृहस्थाच्या दप्तरी जमा!

'रुचिरा' वाचता वाचता मी अडायची ती थालीपिठाशी. थालीपिठाबद्दल दोनच शब्द सांगते. (माझे दोनाचे चार होतात. पोळ्यांचंही तसंच.) भाजणीतली ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र घातलं तर डाळ तांबूस होईपर्यंत धणे जळून कोळसा. कांदा अगदी बारीक चिरायचा, नाहीतर थापताना तो भिंतीतल्या विटेसारखा बाहेर डोकावतो. ओल्या फडक्यावर थापायचं आणि बोटाने भोकं पाडायची. माहेरी पाच, मधे एक आणि भोवती चार. सासरी मधलं एकच. आमच्या संसारातला पहिला मतभेद पैशावरून नाही, या चार भोकांवरून झाला. अहो, भोकातून तेल खाली जातं, वाफ वर येते, म्हणून तर मधला भाग कच्चा राहत नाही! झाकण काढलं की कडा तांबूस कुरकुरीत, आणि वर ठेवलेला लोण्याचा गोळा घसरत घसरत नेमका एका भोकात जाऊन बसतो. एकच भोक असलेल्या घरात त्याला निवड तरी काय?

भाजणी आईकडून यायची. गेल्या वर्षी ती आली नाही, कारण आई आजारी होती. सोळा किलोंनी उतरली. भेटायला आलेल्या एक बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "अय्या, किती छान बारीक झालात!" आई कसनुसं हसली. त्या बाईंना खुर्चीसकट उचलून जिन्यात ठेवावं, असं मला वाटलं. पण खरा राग आला तो माझाच. डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे उमटलं, ते होतं, "सोळा!" काळजीने नाही. हेव्याने.

आई आता बरी आहे. परवा डबा आला, वर निरोप: "भोकं पाचच पाड." मी तीन थालीपिठं खाल्ली, लोण्यासकट. ब्लाउज दंडात काचायला लागला, तो शिंप्याकडे नेला. "आत दोन बोटं कापड ठेवलंय ताई, काळजी नको," तो म्हणाला. माझ्या देहाची इतकी शांतपणे तरतूद आजवर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

काटा टाकून मात्र दिला नाही. काल रद्दी त्याच्यावर ठेवून बघितली, अर्थात सपाट फरशीवर. साडेअकरा किलो भरली. रद्दीवाला नऊ म्हणत होता.