म्हशीचं पार्लर

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात सगळ्यात नटलेली कोण, तर म्हैस. केस भादरलेले, शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ. वर ती शिकलेलीही: सायलेन्सर काढलेल्या गाडीवर मालक पुढं, ही मागून सुसाट. ज्या संस्थानानं चित्त्यांना शिकार शिकवली, तिथं याचं नवल नाही. नवल हे, की वर्षानुवर्षं माणसांकडून हजामत करून घेणाऱ्या या बाईसाहेबांकडं परतफेड कुणी मागत नाही. जीभ काय कमी खरखरीत आहे? भांग पाडायला एक चाट पुरे, जेलचा खर्च वाचला. शेपटीचा वारा म्हणजे ड्रायर. कानातला मळ काढायला तिच्याच पाठीवरचा बगळा. त्या खुर्चीत मात्र आधी मेव्हण्याला बसवावं.

हसू नका. पायाची मेलेली कातडी कुरतडणाऱ्या गारा रुफा माशांपुढं पाय सोडून लोक पैसे मोजतातच. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मासे निर्जंतुक करता येत नाहीत, म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांनी हे माशांचं पार्लर बंद पाडलं. म्हशीची ती अडचण नाही, तिला घासून धुता येतं. फक्त पंचगंगेत नेऊ नका. निर्जंतुक करायला नेलेली म्हैस तिथून काय घेऊन येईल, सांगवत नाही.