एजंटसाहेब, तुम्ही नेमके कुणाचे?



बदलापूरचा फ्लॅट माझ्या भाचीला दाखवताना तुम्ही म्हणालात, "ताई, तुमच्याकडून एक रुपया नको, मला बिल्डर देतो." तेवढं एकच वाक्य खरं निघालं. ज्याचे पैसे घेतलेत, त्याचीच चाकरी केलीत.

तुमची स्मरणशक्ती दांडगी. कुठली बँक कर्ज लवकर पास करते, भाचीच्या सासऱ्यांना निवृत्तीचे किती मिळाले, सगळं तोंडपाठ. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, हे मात्र तिने विचारेपर्यंत आठवलं नाही. मग म्हणालात, "ओसी प्रोसेसमध्ये आहे, सगळीकडे असंच असतं." साडेसहाशे फुटांचा म्हणून दाखवलेला फ्लॅट करारात चारशे बाराचा कार्पेट निघाला. त्या ओळीवर तिने बोट ठेवलं, तर पान उलटून "इथे सही" म्हणालात. आणि "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, आत्ताच टोकन टाका" ही तुमची आवडती धमकी! बेचाळीस लाखांच्या घरासाठी नोंदणीकृत करार होण्याआधीच तिच्याकडून नऊ लाख भरून घेतलेत. रेरा कायद्याचं कलम १३ दहा टक्क्यांच्या वर घेऊ देत नाही. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. महाराष्ट्रात एजंटाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुम्ही ते काचेत मढवून टेबलामागे लावलंय.

त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये तुमचं काम लिहिलंय: बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी माहिती आणि कागदपत्रं मिळवून देणं. दलाली कोण देतो यावर ते अवलंबून नाही. डोळे मिटून "महारेराचा नंबर आहे ना" एवढं म्हणूनही भागत नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तो नंबर मिळवला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथल्या कुटुंबांचे हप्ते चालू असतानाच डोक्यावर पाडकामाची नोटीस आली. तुमच्यापैकी एकाने जरी पालिकेत जाऊन बांधकाम परवानगीचा जावक क्रमांक ताडून पाहिला असता, तर काही घरं तरी वाचली असती. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

भाची आज टँकरचं पाणी विकत घेते आणि महिन्याला तीस हजारांचा हप्ता भरते. तुम्ही तिचा फोन उचलत नाही. फोन नका उचलू, पण मंजूर नकाशा, परवानगीची प्रत आणि नऊ लाखांच्या पावत्या पंधरा दिवसांत तिच्या हातात द्या. नाही दिल्या, तर तुमच्या नोंदणी क्रमांकासह तक्रार महारेराकडे जाईल. अर्ज लिहून तयार आहे.

आणि घर शोधणाऱ्यांनो, परवानगीचा कागद पालिकेत स्वतः तपासल्याशिवाय कुणालाही टोकन देऊ नका.

— भाचीचा मामा