थांबूया सर

"सकाळची टॅबलेट घेतलीत का?" काकू स्वयंपाकघरातून विचारतात.

"अजून ठरत नाहीये," सर व्हरांड्यातून सांगतात.

काकू विचारतात ती ब्लडप्रेशरची. सर बोलतात ती दहा इंची. आमच्या दोन घरांमधल्या गडग्यावरून हा संवाद मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय. या घोटाळ्यात सरांची गोळी कितीदा राहून गेली याचा हिशेब काकूंकडे आहे.

शाळेच्या मस्टरवर सरांचं जे नाव असेल ते असो, गावात ते थांबूया सर. हे बारसं पोरांनीच केलं. सर इथल्या एका बोर्डिंग शाळेत भूगोल शिकवायचे. पोरांना टेबललँडच्या पठारावर न्यायचे आणि काठीनं जमीन ठोकून सांगायचे, "हा वरचा जांभा. याच्याखाली काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थरावर थर बसले, मग ऊन-पावसानं वरचा थर झिजून, गंजून हा तांबडा झाला. त्याला किती लाख वर्षं लागली असतील? आणि तुम्हाला डबा उघडायला बारा वाजेपर्यंत दम निघत नाही!" ज्याचं घड्याळ लाखाच्या पटीत चालतं, त्याला 'ऑफर आज रात्री बारापर्यंत' असा मेसेज पाठवणाऱ्या दुकानदाराची मला कीव येते.

सरांचा यात फार दोष आहे असंही नाही. आमचं गावच मुळात थांबण्यासाठी वसलेलं. महाबळेश्वरात पावसाळ्यात राहणं साहेबांना जमेना, तेव्हा तिथला पाऊस ओसरेपर्यंत काढायला जागा हवी म्हणून १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबावर पाचगणी उभी करण्याचं काम सोपवलं. सिल्व्हर ओकची झाडं आली, बंगले आले. मग १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. व्हरांड्यात खाट टाकून स्वच्छ हवा घ्यायची आणि वाट बघायची, हाच उपचार. त्यानंतर बोर्डिंगातली पोरं. ती तर दर टर्मला सुट्टी लागायची वाट बघतच मोठी होतात. अशा गावात एखादा माणूस टॅबसाठी थांबला तर त्यात नवल ते काय?

सुरुवात झाली २०१० साली. जानेवारीच्या २७ तारखेला तिकडे अमेरिकेत स्टीव्ह जॉब्जनं आयपॅड नावाची पाटीसारखी वस्तू हातात धरून दाखवली. दुसऱ्या दिवशी सर माझ्या दुकानात. माझं बाजारात झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे. दोनशे पानी फुलस्केप वही घेतली, पहिल्या पानावर 'टॅब' असं लिहिलं आणि पेपरातलं कात्रण चिकटवलं. मी म्हटलं, "घेणार वाटतं?" सर म्हणाले, "घ्यायचा तर आहेच. पण पहिली आवृत्ती ही गिऱ्हाइकांवर केलेली चाचणी असते. जरा थांबू या."

वर्षभरानं, २०११च्या जानेवारीत, तो आपल्याकडे आला. किंमत अठ्ठावीस हजारांच्या आसपास. सर पैसे काढायच्या बेतात होते असं काकू सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. त्याच साली ५ ऑक्टोबरला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बलांनी 'आकाश' टॅब काढला, तीन हजारांच्या आत! सरांनी ती बातमी तांबड्या पेननं चौकट करून चिकटवली. "सरकार तीन हजारांत देतंय आणि लोक तीस मोजतात. थांबू या." 'आकाश' पुढे कसा बारगळला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सरांच्या वहीत त्याला अकरा पानं आहेत.

त्यांच्या आयुष्यातला खरा सोन्याचा दिवस मात्र २०१२चा. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्या उन्हाळ्यात तिसरा आयपॅड घेतला. स्टाफरूममध्ये हातोहात फिरला. पडदा असा की काचेखाली शाई ओली आहे असं वाटावं. सरांनी बघितला, "छान आहे" म्हणाले आणि परत दिला. मार्चमध्ये जाहीर झालेल्या त्या तिसऱ्यानंतर ऑक्टोबरात चौथा जाहीर झाला! सात महिन्यांत! वर चार्जरची पिनसुद्धा बदलली. सर त्या संध्याकाळी विज्ञानाच्या सरांकडे गेले. सांत्वनाला गेलो होतो म्हणतात, पण जाताना वाईचे पेढे घेऊन गेले होते.

त्या दिवसापासून थांबणं हे सरांचं शास्त्र झालं. त्याचं एक पंचांगही आहे, आणि ते मला तोंडपाठ झालंय. जूनमध्ये आमच्याकडे धुकं उतरतं. काडेपेटी पेटत नाही, पापड चामड्यासारखा होतो, बुटाला बुरशी येते. अशा दमट हवेत इलेक्ट्रॉनिक वस्तू घराबाहेरून घरात आणायचीच कशाला? ऑगस्टात पंधरा तारखेचा सेल, पण गणपती तोंडावर, तेव्हा आणखी उतरेल. गणपती झाले की पितृपंधरवडा. मग दसरा, पण दिवाळीची सूट दसऱ्यापेक्षा मोठी असते. दिवाळीत गर्दी असते, दुकानदार नीट समजावून सांगत नाही. डिसेंबरात जुना माल काढतात, तो कोण घेणार? जानेवारीत नवी मॉडेलं कळतात. फेब्रुवारीत बजेट. मार्चअखेर दुकानदाराला टार्गेट असतं, तेव्हा घासाघीस होते. पण पाडवा आलाच ना! पाडव्याला उन्हाळी सुट्टीचे पाहुणे, अक्षय्यतृतीयेला पाहुण्यांचे हाल, आणि मे संपला की परत धुकं. २०२३ साली तर श्रावणच दोनदा आला. अधिक महिन्यात खरेदी नको म्हणून सरांना एक सबंध महिना फुकटचा मिळाला. एरवी अधिकात लोक जावयाला अनारसे देतात. सरांनी तेवढ्यात तीन पानांचा तक्ता केला.

मधूनच आपल्या बाजूनं ते मोठमोठी माणसं उभी करतात. घाट उतरला की वाई, आणि वाईत विश्वकोशाचं कार्यालय. "मंडळ नेमलं १९६० ला, पहिला खंड हातात पडला १९७६ ला. संपादक तर्कतीर्थांना घाई करता आली नसती? पण नाही केली." मी म्हणतो, "सर, ते सोळा वर्षं लिहीत होते." सर म्हणतात, "मी पण लिहितोय की." आणि वही पुढे करतात. चौथी वही चाललीय. या सगळ्या व्यवहारात आजवर फायदा झाला असेल तर फक्त माझ्या दुकानाला.

मला हसायला तोंड नाही हेही सांगून टाकतो. या काळात मी तीन टॅब घेतले. पहिला दीड वर्षात इतका मंद झाला की लाइटबिल भरायला बसलो तर मुदत टळून जायची. दुसरा अपडेट घेता घेता मेला; तो सध्या दुकानात धुक्याच्या दिवसांत कागदांवर वजन म्हणून ठेवतो, आणि त्या कामाला चांगला आहे. तिसरा चालतो. सरांनी एकदा माझ्याच कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडला. "तुम्ही घेतले तीन, मी घेतले शून्य. आज चालू स्थितीत तुमच्याकडे एक, माझ्याकडे शून्य. म्हणजे तुम्ही माझ्या पुढे आहात फक्त एका टॅबनं. आणि त्या एकाला तुम्हाला पडले एकावन्न हजार. मला एकानं मागं राहायला काहीही पडलेलं नाही." मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. हिशेबात चूक आहे हे कळत होतं, ती सापडत नव्हती.

मागे त्यांचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतून आला होता. त्यानं सरांना एक निबंध दाखवला आणि माझ्यासारख्यांचा उरलासुरला आवाज बंद केला. १९९९ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या पोरांनी लिहिलेला. अर्धी थट्टा, पण गणित खरं. संगणकाचा वेग दर दीड वर्षाला दुप्पट होतो असं धरलं, तर जे गणित सोडवायला आजच्या संगणकाला २६ महिन्यांहून जास्त लागतील, ते आज सुरूच करू नये. आधी स्वस्थ बसावं, नंतर वेगवान संगणक घ्यावा, तरी आधी सुरू केलेल्याच्या पुढे निघून जाल. सरांनी माझ्याकडून त्याच्या चार प्रती काढून घेतल्या, एक लॅमिनेट केली. मी म्हटलं, "सर, पण काम २६ महिन्यांच्या आतलं असेल तर थांबू नये असाही त्याचा अर्थ होतो." सरांनी माझ्याकडे 'ढ' मुलाकडे बघावं तसं बघितलं. "मला टॅब वाचनासाठी हवाय. माझं वाचन २६ महिन्यांत संपतंय होय?"

या माणसाचा स्वभावच थंड असता तर गोष्ट निराळी. पण स्ट्रॉबेरीच्या बाबतीत सर वेडे आहेत. हंगामाची पहिली टोपली बाजारात आली की भाव काय आहे हे न विचारता उचलतात. जानेवारीत निम्म्या भावानं मिळणार हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मी एकदा टोकलं. "स्ट्रॉबेरी नासते हो," सर देठ खुडत म्हणाले. "टॅबसुद्धा नासतोच की," मी म्हटलं. "तेच तर म्हणतोय मी. म्हणूनच पाटीतला सगळ्यांत ताजा उचलायचा." तोंडात स्ट्रॉबेरी असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

डोळ्यांचंही तेच. मोतीबिंदू आहे हे कळूनही झाली तीन वर्षं. डॉक्टर म्हणाले, आता पिकायची वाट बघत बसायची पद्धत राहिली नाही, केव्हाही काढता येतो. सर म्हणाले, "हो, पण लेन्समध्ये रोज नवीन काय काय निघतंय." तेव्हापासून पेपर नाकाला लावून वाचतात. भिलारला, आमच्या पुस्तकांच्या गावात, पूर्वी आठवड्यातून एकदा जायचे, कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचायचे. तेही आता कमी झालं. बारीक टाइप दिसत नाही. टॅबमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होतं हे त्यांना माहीत आहे. दुसऱ्या वहीत सतराव्या पानावर आहे.

लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्याहून लेक नातवाला घेऊन इथं अडकली. नातवाची शाळा ऑनलाइन. टॅबांचा तुटवडा, किमती चढलेल्या. सर म्हणाले, साथ काय जन्मभर असते का? पोरानं अर्धी पाचवी माझ्या फोनवर काढली. तेव्हा मात्र मला सरांचा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे.

काकू काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची भिशी लागली. भाचीच्या लग्नाच्या साड्या बघायला म्हणून साताऱ्याला गेल्या आणि येताना टॅब घेऊन आल्या. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, सरांना सोडून. टॅब पैठणीच्या घडीत असतो. सर टेबललँडवर फिरायला गेले की तो बाहेर निघतो. लेकीचा चेहरा, एखादी मालिका, आणि सर उतरायच्या आत परत पैठणीत. "सांगून का टाकत नाही?" मी विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "सांगायचंय हो. जरा योग्य वेळ येऊ दे."

२०२५ साल सरांना फार चांगलं गेलं. मार्चमध्ये नवा आयपॅड आला तो जुन्याच ३४,९०० रुपयांत, पण साठवण ६४च्या जागी १२८. "बघा, थांबलो नसतो तर निम्मी गेली असती!" मग जीएसटी उतरणार अशी हाकाटी झाली. तारीख २२ सप्टेंबर, नेमकी घटस्थापना. पितृपंधरवडा संपलेला, कर उतरलेला, सर वहीसकट दुकानात. मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर आले. टॅब आधीही १८वर होता, नंतरही १८वरच राहिला. सर खचतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे अजून उतरायला वाव आहे." वर्षअखेरीला मेमरीच्या चिपा कडाडल्या, एआयची डेटा सेंटरं सगळा माल उचलायला लागली. मी म्हटलं, सर, आता थांबाल तसा महागच होत जाणार. सरांच्या शास्त्राला पहिल्यांदाच तडा गेला होता. दोन दिवस ते दुकानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. "तेजी आहे. तेजीत कोणी घेतं का? जरा थांबू या."

परवा काकूंनी मला गडग्याशी बोलावून हळूच टॅब दाखवला. "हा बिघडलाय का बघा बरं. रात्री मी नीट ठेवते, आणि दुपारी काढला की अक्षरं बोराएवढी झालेली असतात. बॅटरीसुद्धा उतरलेली. एवढ्या वर्षांत असं कधी करत नव्हता." मी अक्षरं लहान करून दिली. सारखं करायला लागला तर साताऱ्याला दाखवू म्हटलं.

आज सकाळी टेबललँडवर सर भेटले. घोडेवाले अजून यायचे होते, खाली कृष्णेच्या खोऱ्यात धोम धरणाचं पाणी नुकतं कुठं दिसायला लागलं होतं. थोडा वेळ हवापाण्याचं बोललो. मग सरांनी आजूबाजूला बघितलं, खिशातून पेन काढलं आणि वही उघडली.

"काय हो, टॅबमध्ये अक्षर मोठं करून वाचलं, की नंतर ते होतं तेवढंच लहान करून ठेवता येतं का? आणि कुठं? घ्यायच्या आधी माहीत असलेलं बरं."

मी सांगितलं. सरांनी सावकाश, क्रमांक घालून लिहून घेतलं.