डोळे मॅचला, कान बँडला

सकाळी साडेदहाला बारमध्ये गाणं सुरू होतं असं मिरजेत कुणाला सांगितलं, तर तो आधी माझ्या तोंडाचा वास घेईल. नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवेवर मात्र तोच रिवाज आहे. कंबरलंड नदीच्या काठापासून हा रस्ता वर चढतो आणि चार-पाच चौकांत त्याचा जीव संपतो. पण तेवढ्यात दोन्ही अंगांना बारच बार. बरेचसे तीनमजली, प्रत्येक मजल्यावर निराळा बँड, आणि गच्ची रिकामी दिसली तर तिथे आणखी एक. चार-चार तासांच्या पाळ्या, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. आत शिरायला तिकीट नाही. स्टेज बहुधा रस्त्याकडच्या खिडकीलाच लागून असतं, त्यामुळे वाटेने चालणाऱ्याला ओळीने गायकांच्या पाठीच दिसतात. अमेरिकन कंट्री संगीताची माझी पहिली ओळख अशी पाठमोरी झाली.

"मामा, म्युझिक सिटीत येऊन लाइव्ह म्युझिक ऐकलं नाही असं कसं चालेल!" असं म्हणून जावईबापू आम्हाला घेऊन निघाले. हे आमच्या भाचीचे यजमान. स्वभावाने सज्जन, पण शनिवारी नारिंगी शर्ट घालतात. त्या दिवशी अर्ध्या गावाने नारिंगी शर्ट घातला होता. मला वाटलं, कसला तरी उत्सव असेल. तसा तो होताच. टेनेसी विद्यापीठाची फुटबॉलची मॅच होती आणि समोर अलाबामा होतं. ही मॅच ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी व्हायची, म्हणून तिचं नावच 'थर्ड सॅटर्डे इन ऑक्टोबर' पडलंय. आता ती कधीकधी चौथ्या शनिवारीही होते, नाव तेच राहतं. अशा गोष्टीचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

सकाळी आम्ही रायमन ऑडिटोरियम पाहिलं होतं. 1892 साली टॉम रायमन नावाच्या बोटमालकाने धर्मप्रवचनासाठी बांधलेली वास्तू. पुढे 1943 ते 1974 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम तिथूनच व्हायचा. बसायला अजूनही चर्चची लाकडी बाकं आहेत. त्यांवर बसलं की पाठ आपोआप ताठ होते आणि माणूस गाणं लक्षपूर्वक ऐकतो, कारण दुसरं काही करणं शक्यच नसतं. मागच्या बोळापलीकडे 'टूट्सीज ऑर्किड लाउंज' हा जांभळा बार. टूट्सी बेस या बाईंनी तो 1960 साली घेतला. ऑप्रीचे गायक मधल्या वेळात मागच्या दाराने तिथे जायचे म्हणे. एका बाजूला प्रार्थनेची बाकं, दुसऱ्या बाजूला बारची स्टुलं आणि मध्ये एक बोळ, हा नकाशा मला फार समंजस वाटला.

आम्ही बसलो तो बार मात्र वेगळा. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याविषयी बोलायचंय. आत गेल्याबरोबर हिने टीव्ही मोजायला घेतले. मी चौदा म्हटले, ती सोळा म्हणाली. तिने दोन्ही टॉयलेटांतले धरले होते. सगळ्या पडद्यांवर नॉक्सव्हिलचं मैदान. एक लाखाहून जास्त माणसं मावणारं, आणि त्या दिवशी ती मावलेली. तिथे दुपारचे साडेतीन वाजले होते आणि आमच्याकडे अडीच, कारण टेनेसी राज्य एक असलं तरी घड्याळं दोन आहेत. स्टेजवर चौघं: गायक-गिटारवाला, फिडलवाली, बेसवाला आणि मागे ड्रमर. मी सवयीने कुठे भोपळा दिसतो का ते पाहिलं. मिरजेचा माणूस तंतुवाद्य दिसलं की भोपळा शोधतोच. नव्हता.

आता प्रश्न असा, की सोळा टीव्ही आणि एक बँड एकाच खोलीत नांदतात कसे? मला वाटलं होतं, भांडत असतील. तसं मुळीच नव्हतं. तिथे पंचेंद्रियांचं रीतसर खातेवाटप झालं होतं. डोळे मॅचकडे, कान बँडकडे, हात ग्लासकडे, तोंड चिकन विंग्जकडे. मन बिनखात्याचं मंत्री. टीव्हीचे आवाज बंद होते. समालोचकांची बडबड पडद्याखाली अक्षरांत उमटायची, तीही काही सेकंद उशिरा, म्हणजे 'तो खाली पडला' असं लिहून येईपर्यंत तो उठून कपडे झटकत असायचा. मध्येच तिथे कंसात लिहून आलं, 'संगीत वाजत आहे'. मला भरून आलं. खोलीत चार माणसं घाम गाळून वाजवत होती, आणि त्याची लेखी दखल घेणारा एकटा टीव्हीच निघाला.

या वाटणीतून एक तिसराच खेळ तयार होत होता. पडद्यावर तीन धिप्पाड पोरांनी एका क्वार्टरबॅकला चेपलं की इकडे नेमकी फिडल रडायला लागायची. एकाला गाडीवर घालून बाहेर नेलं तेव्हा गायक व्हिस्कीची थोरवी गात होता आणि ड्रमर खुशीत होता. फाळक्यांच्या मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसायचे. 1931 साली बोलपट आला आणि त्यांची कामं गेली. नॅशव्हिलने चित्राचा आवाज बंद करून त्यांना परत नोकरीवर घेतलंय, एवढंच. फक्त पुढे कुठला प्रसंग येणार हे मूकपटाच्या पेटीवाल्याला ठाऊक असायचं.

वादक आणि टीव्ही यांचं जुनं वाकडं आहे. अमेरिकेत 1947 साली बेसबॉलची वर्ल्ड सिरीज प्रथमच टीव्हीवर दिसली. घरोघरी संच नव्हते, म्हणून बघणारे बहुतेक बारमध्येच बसले होते. टीव्हीने बारमध्ये पाय ठेवला तो असा, मॅचचं बोट धरून. त्याच सुमाराला वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना टीव्हीवर वाजवायला बंदी घातली होती. 1948 साली ती उठली. म्हणजे आधी वादक टीव्हीवर जायला तयार नव्हते. मग टीव्हीच उठून वादकांच्या घरी येऊन बसला.

फुटबॉल नावाचा हा खेळ (पाय क्वचित लागतो) साठ मिनिटांचा. चालतो साडेतीन तास. त्यात चेंडू खरोखर हलतो तो मोजकी मिनिटं. बाकी वेळ माणसं घोळका करून कुजबुजतात, पंच शिट्ट्या फुंकतात आणि जाहिराती लागतात. ट्रकच्या, इन्शुरन्सच्या, आणि सगळ्यांत जास्त ऑनलाइन सट्ट्याच्या. टेनेसीत तो 2020 पासून कायदेशीररीत्या सुरू आहे. अर्ध्या तासात माझ्या ध्यानात आलं, की बँड वाजवतोय तो या फटींतच. खेळ रंगात असला की मधल्या लयीतलं एखादं गाणं नुसतं चालू ठेवायचं, देवघरातल्या समईसारखं. जाहिरात लागली की सगळ्या माना वळणार, मग तिथे फिडलचा तुकडा टाकायचा, टाळ्या घ्यायच्या आणि ट्रक डोंगर चढून जायच्या आत सम गाठायची. आमच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला रात्रभर गाणी होतात. तिथे इतकं काटेकोर काळाचं भान मी फार थोड्यांत पाहिलंय. शिवाय तिथे अवधान तुटलं तर गवयाला निदान रागावता तरी येतं.

आणि ही चौघं एकमेकांना धड ओळखतही नव्हती! बेसवाला त्या दिवशी बदली होता. तरी न सांगता, कागद न बघता वाजवत होता. याचं गुपित त्या गावच्या अंकांत आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस एल्विसच्या मागे गाणाऱ्या 'जॉर्डनेअर्स'मधल्या नील मॅथ्यूज यांनी कॉर्ड अंकांनी लिहायची रीत बसवली. चार्ली मकॉय वगैरे स्टुडिओतल्या वादकांनी ती पसरवली. एकदा षड्ज ठरला की मध्यमावरची कॉर्ड चार, पंचमावरची पाच. पट्टी बदलली तरी अंक तेच. सरगमवाल्यांना हे समजवायला लागत नाही. स्टेजवर तर लिहायचंही कारण नाही, गायक बोटं दाखवतो. चार बोटं वर गेली, चाल चारवर.

इथेच घोटाळा झाला. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये चौथा क्वार्टर सुरू झाला की प्रेक्षक हात उंच करून चार बोटं दाखवतात. आता खरी कसोटी, असा त्याचा भाव. बारमध्ये एकदम शे-दीडशे हात वर गेले, प्रत्येकाची चार बोटं ताठ. बदली बेसवाल्याने मान वर केली आणि एवढ्या मोठ्या बहुमताची आज्ञा पाळून तो चारवर गेला. फिडलवाली त्याच्यामागून गेली. गायक एकटाच एकवर उभा, गाव सोडून गेलेल्या बिऱ्हाडाच्या दारात राहिल्यासारखा. पण गडी मुरलेला. त्याने तोंडातली ओळ गिळली, एक लांब हुंकार दिला आणि हुंकारातूनच त्यांच्याकडे जाऊन पोचला. बारमध्ये कुणाची मान हलली नाही. आम्ही दोघांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं. ही म्हणाली, "मघाशी सूर कुठे गेला होता रे त्यांचा?" जावईबापू म्हणाले, "मामी, थर्ड डाउन आहे, एक मिनिट."

या मंडळींचा पगार बेताचा, मदार टिपवर. स्टेजच्या कडेला प्लॅस्टिकची बादली, तिच्यावर क्यूआर कोड. फर्माईश करायची तर पैसे टाकून. संगीतबारीतली दौलतजादा ज्याने पाहिलीय, त्याला यात नवं काही वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे पैसे घेताना कुणी मुरका मारत नाही. बादलीला पाटी होती: कुठलंही गाणं वीस डॉलर, 'रॉकी टॉप' पन्नास. बुडलो ब्रायंट आणि फेलिस ब्रायंट या नवराबायकोने 1967 साली केलेलं हे गाणं आता टेनेसीच्या राज्यगीतांपैकी एक आहे आणि विद्यापीठाचा बँड मॅचमध्ये ते पुन्हा पुन्हा वाजवतो. रोज दहादा वाजवून वादकांना त्याचा वीट आलेला असतो, म्हणून विटाची किंमत वेगळी लावतात.

तेवढ्यात टेनेसीने टचडाउन केला. खोली फुटली. कुणीतरी पन्नासची नोट फेकली आणि रॉकी टॉप सुरू झालं. पडद्यावर मैदानातला तीनशे-साडेतीनशे वादकांचा ताफाही तेच वाजवत होता, पण मुक्याने. त्यांचे गाल फुगलेले, आवाज आमच्या चौघांचा. त्या दुपारी पहिल्यांदाच डोळे आणि कान एका खात्यात आले, आणि ड्रमर पडद्यावरच्या ढोलवाल्याकडे बघून लय सांभाळू लागला.

गाणं संपलं तशी ही उठली. पर्समधून वीसची नोट काढून बादलीजवळ गेली. जावईबापू दुभाषे म्हणून धावले. गायकाने टोपी काढून विचारलं, कुठलं गाणं म्हणू?

"त्याला म्हणावं," ही म्हणाली, "एकच गाणं म्हण, तुला आवडेल ते. पण तेवढा वेळ ते सोळा टीव्ही बंद कर."

जावईबापूंनी घाम पुसत भाषांतर केलं. गायकाने नोट हातात घेतली, समोरच्या भिंतीवर स्टेजकडे तोंड करून लावलेल्या टीव्हीकडे पाहिलं, मग मागे ड्रमरकडे पाहिलं आणि नोट अदबीने परत केली.

"मॅडम, वीस डॉलरमध्ये तुम्ही म्हणाल ते गाईन. पण टीव्ही तेवढा असू द्या. याने आजची सगळी टिप टेनेसीवर लावलीय."