ताम्हिणीत धक्कास्टार्ट

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धबधबे असतात. ही माहिती ऐकीव आहे, कारण माझा तिथला वेळ बॉनेटखाली गेला.

मला गाडीतलं कळतं, असा घरात समज आहे. प्रत्यक्षात बॉनेट उघडून कपाळाला आठ्या घालायच्या, एवढंच मला येतं. कणीस खाऊन चावी फिरवली. इंजिन क्षणभर गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर चावीचं चिमुकलं लाल चित्र लुकलुकत होतं. मी आठ्या घातल्या.

घाटात गाडी बंद पडली की तज्ज्ञ उगवतात. "बॅटरी उतरली," कणीसवाला म्हणाला. "कार्बोरेटरमध्ये कचरा," एक काका म्हणाले. आमच्या गाडीला कार्बोरेटरच नाही, हे सांगायचा धीर झाला नाही. शेवटी भर पावसात पाचसहा जण मागे लागले. सेकंड गिअर, क्लच सोडला, गचका, शांतता.

तोवर हिने ग्लोव्ह बॉक्समधल्या टोलच्या पावत्यांखालून माहितीपुस्तक उपसलं होतं. चावीच्या मुठीत चिप असते. रिमोटचा सेल संपला तरी तिचं अडत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या लहरींवर ती जागी होते आणि आपली खूण सांगते. खूण पटली नाही तर इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. मग धक्का मारायला अख्खा मुळशी तालुका आला तरी उपयोग शून्य! ब्रिटनमध्ये 1998च्या ऑक्टोबरपासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं, चोरांसाठी. इथे मालकच भिजत होता.

"दुसरी चिपवाली चावी जवळ असली तर गोंधळ होऊ शकतो म्हणे," ही म्हणाली आणि गप्प झाली.

जुडग्यात तिच्या भावाची चावी होती. तो नोकरीला मस्कतला गेल्यापासून, बॅटरी उतरू नये म्हणून ही रविवारी त्याची गाडी चालू करते. चालू केली की उतरते, वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसते. तिची नेहमीची जागा. मी गॅलरीतून पाहिलंय. कधी बोललो नाही.

नख तुटेस्तोवर कडी फाकवून ती चावी सोडवली आणि हिच्या हातात दिली. गाडी सुरू!

"बघा, लागला की नाही धक्का कामाला?" काका म्हणाले. सगळ्यांची चहा-भजी माझ्या खात्यावर.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा भरती होती, प्रदक्षिणेची वाट पाण्याखाली. ही भावाला व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवत होती. तो विचारत होता, "ताई, गाडीचं पीयूसी केलंस का?"